बांधकाम नियमांतील किरकोळ सवलत : अर्ज केव्हा, कोणाकडे व कसा करावा
(हडपसर परिसरातील भाविकांसाठी माहिती)

रविवारच्या मिस्सानंतर धर्मगुरूंना भेटावयास थांबणाऱ्या भाविकांच्या हाती पूर्वी बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला असे. अलीकडे हडपसर, मांजरी, फुरसुंगी या पट्ट्यातील कुटुंबांच्या हाती आणखी एक कागद दिसू लागला आहे. तो म्हणजे बांधकामासंबंधीची नोटीस. वरचा मजला चढविताना भिंत थोडी पुढे आली, जिना शेजारच्या बाजूला सरकला, मागच्या मोकळ्या जागेत एक खोली झाली. “फादर, थोडेसेच तर वाढवले आहे, मागाहून नियमित होईल असे मिस्त्री म्हणाला होता,” हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटू लागले.

या कुटुंबांपैकी अनेक जण आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून कामधंद्यासाठी पुण्यास आले. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी एक किंवा अर्धा गुंठा जागा घेतली. अशा घराची एक भिंत पाडावी लागली तरी ती केवळ विटांची हानी राहत नाही. म्हणून प्रारंभीच सांगतो : नियमातून किरकोळ सवलत मिळण्याची वाट कायद्यातच आहे. परंतु ती बांधकामाच्या आधी मागावयाची असते, खऱ्या अडचणीसाठी मागावयाची असते आणि तिचा भार शेजाऱ्यावर पडू द्यावयाचा नसतो. पुढील सर्व माहिती या तीन गोष्टींचाच विस्तार आहे.

१. नियम कोठून येतात?

महाराष्ट्रातील बांधकामाचे मूळ बंधन ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याचे आहे. या कायद्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. कोणती जमीन निवासी विभागात, कोणती शेती विभागात, कोठे रस्ता रुंद होणार, कोणत्या जागेवर शाळेचे वा उद्यानाचे आरक्षण, हे आराखडा सांगतो. जुन्या हद्दीतील पुण्याचा आराखडा १९८७ साली मंजूर झाला. त्यानंतरचा सुधारित आराखडा २०१७ साली मंजूर झाला.

आराखडा जमिनीचा उपयोग ठरवितो, तर इमारत कशी बांधावी हे विकास नियंत्रण नियमावली ठरविते. डिसेंबर २०२० पासून मुंबई महानगरपालिका व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच नियमावली लागू आहे. तिचे नाव ‘एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’. बोलण्यात तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. भूखंडाच्या हद्दीपासून चारही बाजूंना किती जागा मोकळी सोडावयाची (यांना सामासिक अंतरे किंवा ‘मार्जिन’ म्हणतात), इमारतीची उंची किती, जिन्याची रुंदी किती, वाहनतळ किती आणि एकूण बांधकाम किती, म्हणजेच चटई क्षेत्र निर्देशांक अर्थात एफएसआय किती, हे सर्व तीत आहे.

हडपसरच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आधी सोडवावा लागतो : आपली जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे? साडेसतरा नळी, फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आली. मांजरी बुद्रुक व शेवाळेवाडी २०२१ साली आली. फुरसुंगी व उरुळी देवाची यांची २०२४ साली पुन्हा स्वतंत्र नगरपरिषद झाली. नव्याने समाविष्ट गावांच्या नियोजनात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचाही (पीएमआरडीए) संबंध आलेला आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावरील दोन घरांना दोन वेगळ्या कार्यालयांत जावे लागू शकते. अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्या सर्व्हे नंबरसाठी बांधकाम परवानगी कोण देते, हे लेखी विचारून घ्यावे. मिळकतकराची पावती एका कार्यालयाची आहे म्हणून परवानगीही तेच कार्यालय देईल, असे गृहीत धरू नये.

२. सवलत म्हणजे काय, आणि काय नव्हे?

नियमावली करणाऱ्यांना ठाऊक असते की सर्व भूखंड चौकोनी नसतात. हडपसरची मूळ जमीन शेतीची, कालव्याच्या पाण्यावर भिजणारी. बांध जसे वळले तसे भूखंड पडले. कोठे भूखंड एका टोकाला निमुळता, तर कोठे रस्तारुंदीत पुढचा भाग गेल्याने उरलेला तुकडा चिंचोळा. अशा ठिकाणी नियम अक्षरशः लावला तर घरच बसत नाही. यासाठी नियमावलीने आयुक्तांना किंवा संबंधित प्राधिकरणाच्या प्रमुखांना स्वविवेकाचा अधिकार दिला आहे. नियमामुळे खरी अडचण होत असल्याचे स्पष्टपणे दाखवून देता येत असेल, तर त्या विशिष्ट प्रकरणापुरते एखादे मोजमाप विशेष लेखी परवानगीने शिथिल करता येते. पुण्यातील वास्तुविशारद व बांधकाम व्यावसायिक या सवलतीला ‘हार्डशिप’ या शब्दानेच ओळखतात आणि तिच्यासाठी भरावयाच्या रकमेला ‘हार्डशिप प्रीमियम’ म्हणतात.

या अधिकाराला मर्यादा आहेत. आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती व सार्वजनिक सुरक्षितता यांना बाध येईल अशी सवलत देता येत नाही. आणि ही सुरक्षितता घरात राहणाऱ्यांची तशीच आजूबाजूच्या वस्तीचीही पाहावयाची असते. रस्त्याच्या बाजूला सोडावयाचे अंतर आणि एफएसआय यांत या अधिकाराखाली सूट मिळत नाही. जी बंधने दुसऱ्याच यंत्रणेची आहेत, उदाहरणार्थ लोहगाव विमानतळामुळे असलेली उंचीची मर्यादा किंवा उच्चदाब विद्युतवाहिनीपासूनचे अंतर, तीही पालिका आपल्या अधिकारात सैल करू शकत नाही.

येथे एक घोटाळा वारंवार होतो, म्हणून तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून सांगतो.

(अ) मोजमापातील सवलत : वर सांगितली तीच. बाजूचे अंतर थोडे कमी, एखाद्या मोजमापात थोडा फरक. हा निर्णय स्थानिक पातळीवर होतो.

(आ) जमिनीच्या उपयोगात किंवा आराखड्यात बदल : शेती विभागातील जमीन निवासी करणे, आरक्षण हलविणे इत्यादी. हा ‘किरकोळ सवलती’चा विषय नव्हे. अधिनियमाच्या कलम ३७ खाली आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल करता येतो. परंतु त्यासाठी राजपत्रात सूचना, हरकती व सूचनांसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. हडपसरकरांना मगरपट्टा सिटीचे उदाहरण परिचित आहे. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र आणली आणि शासनाची मंजुरी मिळविल्यानंतरच तेथे नगर उभे राहिले. उपयोग बदलण्याचा मार्ग शासनाच्या दारातून जातो, हे त्यावरून लक्षात यावे.

(इ) झालेले बांधकाम नियमित करून घेणे : ही सवलत नसून दुरुस्तीची वेगळी, अटींनी बांधलेली आणि बहुधा महाग योजना असते. तिच्याविषयी पुढे पाहू.

३. ‘अडचण’ कशाला म्हणावे?

अर्जाचे यश या एका शब्दावर अवलंबून असते. अडचण जमिनीची हवी. मालकाच्या इच्छेची नव्हे. भूखंडाचा वेडावाकडा आकार, रस्तारुंदीत गेलेली जागा, जुन्या इमारतीत वृद्ध वा अपंग रहिवाशांसाठी उद्वाहक (लिफ्ट) बसविण्यास अन्य जागा नसणे, मधून गेलेला नाला किंवा जलवाहिनी, ही कारणे मांडता येण्याजोगी आहेत. याउलट पुढील कारणे अडचण ठरत नाहीत : “शेजाऱ्यानेही असेच केले आहे”, “दुकानाचे भाडे मिळेल”, “स्लॅब टाकून झाला आहे”, “कर्ज काढले आहे”.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, भूखंड रस्त्याच्या बाजूला ११ मीटर रुंद असून मागे निमुळता होत ७.५ मीटर राहतो. दोन्ही बाजूंना १.५ मीटर जागा सोडावयाची आहे असे धरले, तर मागील टोकाला इमारतीसाठी केवळ ४.५ मीटर रुंदी उरते. तीत जिना आणि राहण्यायोग्य खोली दोन्ही बसत नाहीत. येथे “दोन्ही बाजूंचे अंतर रद्द करावे” अशी मागणी केल्यास ती नामंजूर होणे स्वाभाविक आहे. परंतु “एकाच बाजूला, मागील ४ मीटर लांबीपुरते, १.५ मीटरऐवजी १ मीटर अंतर मान्य करावे, त्या भिंतीत जिना असून शेजाऱ्याच्या खिडकीसमोर बांधकाम येत नाही” अशी मागणी असेल, तर ती ५० सेंटिमीटरची, कारणासह आणि मोजून केलेली मागणी ठरते. जेवढ्याने अडचण दूर होते तेवढेच मागावे.

४. अर्जाची वाट

पहिली पायरी : कागदपत्रे. सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणी नकाशा, विकास आराखड्यातील स्थान दाखविणारा झोन दाखला व भाग नकाशा, जागा मंजूर रेखांकनातील असल्यास त्याची प्रत, पूर्वीची परवानगी असल्यास तिचा नकाशा, आणि मिळकतकराची पावती. यांपैकी मोजणी नकाशा सर्वांत महत्त्वाचा. ज्याची हद्द निश्चित नाही त्याने हद्दीपासूनच्या अंतरात सवलत मागण्यास अर्थ नाही. साठेखत वा नोटरी केलेल्या कागदावर जागा घेतली असल्यास आधी मालकीचा प्रश्न वकिलाकडून समजून घ्यावा.

दुसरी पायरी : परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता. अर्ज त्यांच्यामार्फत व आता बहुतांशी ऑनलाईन प्रणालीतून होतो. “आमची तिकडे ओळख आहे” असे सांगणारा मध्यस्थ आणि नकाशावर सही करून जबाबदारी घेणारा तज्ज्ञ यांत फरक करावा. नकाशावर नियमाने लागणारे अंतर व प्रत्यक्ष मिळणारे अंतर ही दोन्ही दाखवावीत. सवलत लपवून मागता येत नाही. नकाशात अंतर पूर्ण दाखविले आणि जागेवर कमी ठेवले, तर परवानगीच रद्द होण्याचे कारण निर्माण होते.

तिसरी पायरी : कारणपत्र. एका पानात चार गोष्टी लिहाव्यात : कोणत्या नियमातून सवलत हवी, किती, जमिनीची कोणती अडचण आहे, आणि सवलत दिल्याने उजेड, वारा, अग्निशमनाची वाट व शेजाऱ्याची सुरक्षितता यांवर परिणाम का होणार नाही. जागेची छायाचित्रे जोडावीत. भावनिक विनंतीपेक्षा मोजमाप अधिक बोलते.

चौथी पायरी : छाननी, स्थळपाहणी व रक्कम. सवलत मान्य झाल्यास अधिमूल्य भरावे लागते. ते सामान्यतः वार्षिक बाजारमूल्य दरावरून (रेडी रेकनर) काढले जाते. त्याखेरीज अटीही घातल्या जाऊ शकतात. ही रक्कम अधिकृत चलनाने भरावी आणि पावती जपून ठेवावी. पावतीविना मागितलेली कोणतीही रक्कम ही सवलतीची फी नसते, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. लाच देऊन मिळालेली ‘सवलत’ पुढच्या तपासणीत टिकत नाही, आणि देणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीलाही ती टोचत राहते.

पाचवी पायरी : परवानगी, जोते तपासणी व भोगवटा पत्र. प्रारंभ प्रमाणपत्र हाती आल्यावरच काम सुरू करावे. जोत्यापर्यंत काम आल्यावर तपासणी करून घ्यावी. चूक असल्यास ती जोत्यावर दुरुस्त करता येते, तिसऱ्या मजल्यावर नव्हे. काम पूर्ण झाल्यावर भोगवटा पत्र घेतल्याशिवाय घराचे कायदेशीर वर्तुळ पुरे होत नाही.

लहान भूखंडांसाठी एक दिलासा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी, परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा देऊन व शुल्क भरून काम सुरू करण्याची सोपी पद्धत आहे. १५० ते ३०० चौरस मीटरसाठीही जलद पद्धत आहे. परंतु हा मार्ग नियमात पूर्णपणे बसणाऱ्या नकाशासाठी आहे. सवलत हवी असेल तर नेहमीचा अर्ज करणेच योग्य. उलट, नकाशा थोडा बदलून सवलतीविना घर बसत असेल, तर तोच मार्ग स्वस्त व निर्धोक होय. चांगला वास्तुविशारद प्रथम हेच तपासून पाहतो.

अर्ज नामंजूर झाला, किंवा मान्य न होणाऱ्या अटी घातल्या गेल्या, तर कलम ४७ अन्वये निर्णय कळल्यापासून ४० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. ही मुदत अनेकांना ठाऊक नसते, आणि कार्यालयात खेटे घालण्यातच ती संपून जाते. निर्णय तोंडी नव्हे, लेखी मागावा. कायद्यात ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याचीही तरतूद आहे. तथापि ती नियमांशी सुसंगत प्रस्तावासाठी आहे. जेथे नियमातूनच सवलत मागितली आहे, तेथे या तरतुदीवर विसंबून पाया खोदू नये.

५. शेजाऱ्याचे स्थान

सवलतीची कल्पना आपल्याकडेच आहे असे नाही. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली विभागांचे नियम केले, तेव्हाच अपवाद ऐकून घेणारी व्यवस्थाही निर्माण झाली. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ‘किरकोळ फरका’साठी स्वतंत्र समिती असते आणि ती चार कसोट्या लावते : मागणी खरोखर किरकोळ आहे का, त्या जमिनीच्या योग्य विकासासाठी ती इष्ट आहे का, नगराच्या आराखड्याचा हेतू ती राखते का आणि विभागीय नियमांचा हेतू राखते का. तेथे ६० मीटरच्या परिसरातील मालमत्ताधारकांना सूचना देण्याची पद्धत आहे आणि सुनावणीत शेजारी आपले म्हणणे मांडू शकतो.

आपल्याकडे कलम ३७ च्या फेरबदलासाठी हरकती मागविल्या जातात. मात्र मोजमापातील सवलतीसाठी अशी जाहीर सुनावणी बंधनकारक केलेली नाही. कायद्याने दार ठोठावण्यास सांगितले नाही, म्हणून शेजाऱ्याचे दार ठोठावू नये असे मात्र नाही. नकाशा घेऊन त्याच्याकडे जावे, कोणती भिंत कोठे येणार ते दाखवावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि शक्य तर त्याची लेखी ना हरकत जोडावी. ही ना हरकत आयुक्तांवर बंधनकारक नसते, पण छाननीत तिला वजन असते. आणि पुढे तक्रार होण्याची शक्यता तिने कमी होते. शिवाय, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार एखाद्या घराला २० वर्षे अखंड मिळत आलेल्या उजेडावर व वाऱ्यावर हक्क निर्माण होऊ शकतो. पालिकेने आपणांस सवलत दिली म्हणून शेजाऱ्याचा हा दिवाणी हक्क नाहीसा होत नाही.

येथे आमचाच एक अनुभव सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. अनेक वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना सणाच्या गर्दीसाठी आम्ही आवारात पत्र्याची शेड उभारली. परवानगीचा विचार मनात आला नाही असे नाही. ‘तात्पुरती आहे’ असे म्हणून तो आम्ही बाजूला सारला. सण झाला, शेड राहिली. काही महिन्यांनी कुंपणापलीकडच्या घरातील एक वृद्ध आजी आल्या. त्यांनी तक्रार केली नाही. “फादर, आता दुपारीसुद्धा स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो,” एवढेच त्या म्हणाल्या. शेड त्याच आठवड्यात उतरविली. कोणत्याही नोटिशीने शिकविले नसते ते त्या एका वाक्याने आम्हांस शिकविले. भिंतींमधील ते दीड मीटर अंतर रिकामे नसते; त्यातून कोणाच्या तरी घरात उजेड जात असतो.

६. आधीच बांधकाम झाले असेल तर

प्रथम, नोटीस आल्यास ती दडवून ठेवू नये. विनापरवाना बांधकाम हा कलम ५२ अन्वये गुन्हा असून त्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. तथापि कलम ५३ खालील नोटीस मिळाल्यावर, दिलेल्या मुदतीत, बांधकाम राखण्याच्या परवानगीसाठी अर्ज करण्याची संधी कायदा देतो. त्या मुदतीतच वास्तुविशारद व वकील यांचा सल्ला घ्यावा. जो भाग नियमात वा सवलतीत बसतो तो राखण्याचा आणि जो बसत नाही तो स्वतः काढून घेण्याचा प्रस्ताव देणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. त्यानंतर १७ डिसेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली : बांधकाम जुने झाले, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले किंवा पुष्कळ पैसा खर्च झाला, एवढ्यावरून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. “मागाहून नियमित होईल” या समजुतीला दिलेले हे उत्तरच होय.

नियमित करण्याच्या योजना आहेत, पण त्यांना तारखा आहेत. २०१७ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांना प्रशमन शुल्क घेऊन नियमित करण्याची तरतूद झाली. गुंठेवारीच्या जागांसाठी २००१ चा स्वतंत्र अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. त्यानंतरच्या बांधकामाने या योजनांवर भिस्त ठेवू नये. आणखी एक गैरसमज : पुण्यात अनधिकृत बांधकामाला लावला जाणारा तीनपट मिळकतकर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत झाले असे नव्हे. तो कर व शास्ती आहे, परवानगी नव्हे.

७. धर्मग्रामाच्या मालमत्तेविषयी

चर्च, सभागृह, शाळा, धर्मभगिनींचे निवास यांनाही हेच नियम लागू आहेत. सार्वजनिक रस्ता, उद्यान वा अन्य सार्वजनिक जागेवर कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळाचे नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. त्याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने ५ मे २०११ रोजी निर्णय काढून जुन्या स्थळांचे नियमित करण्याजोगी, हटविण्याची व स्थलांतरित करण्याची असे वर्गीकरण करण्यास सांगितले. रस्त्याकडेच्या क्रुसाचा ओटा वाढविणे किंवा ग्रोटोपुढे छप्पर टाकणे, हे भक्तीचे काम म्हणून या नियमांबाहेर राहत नाही.

न्यासाच्या जागेबाबत अर्ज करताना विश्वस्तांचा ठराव जोडावा. जागा विकणे, गहाण ठेवणे, अदलाबदल करणे किंवा बिनशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देणे असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. धर्मप्रांतीय कार्यालयाची संमतीही आधी घ्यावी. स्थानिक उत्साहात प्रथम पाया आणि नंतर पत्रव्यवहार, हा क्रम आमच्यापैकी अनेकांच्या हातून घडला आहे. भाविकांना जे सांगतो ते प्रथम आम्ही पाळले पाहिजे.

८. सवलत आणि सदसद्विवेक

ख्रिस्तसभेला ही कल्पना अपरिचित नाही. १९८३ च्या धर्मनियम संहितेतील ८५ वा नियम सांगतो की विशिष्ट प्रसंगी मंडळीच्या कायद्यातून सूट देता येते. आणि ९० वा नियम बजावतो की न्याय्य व सयुक्तिक कारणाशिवाय ती देऊ नये. अनेकांच्या विवाहाच्या वेळी अशी सूट बिशपांकडून घेतलेली असते. ती विवाहाआधी मागितली जाते, कारण लिहून मागितली जाते आणि अधिकार असलेल्याकडे मागितली जाते. घराच्या बाबतीत क्रम वेगळा का असावा?

ॲरिस्टॉटलने न्यायाविषयी लिहिताना लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दृष्टान्त दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेऊन नियमाच्या अक्षरामागील हेतू जपण्यास सद्गुण म्हटले. पट्टी वाकते ती दगडासाठी. गवंड्याच्या लोभासाठी नव्हे. जमिनीची अडचण हा दगड आहे. तेवढ्यापुरती पट्टी वाकविणे हा न्याय, आणि त्यापलीकडे वाकविणे हा अन्याय होय.

पवित्र शास्त्रातही बांधकामाचा नियम आहे. अनुवाद या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्यास सांगितले आहे, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. घर आपले असले तरी त्यातील धोका दुसऱ्याचा असू शकतो, ही जाणीव त्या आज्ञेत आहे. आणि लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला देतो, जो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आजच्या हडपसरमध्ये त्या हिशेबात सिमेंट व सळईबरोबर मोजणी, नकाशा, परवानगी आणि शेजारी हेही धरावे लागतील.

थोडक्यात, घर वाढविण्याचा विचार असेल तर या क्रमाने जावे : हद्द कोणाची ते विचारावे, जमीन मोजून घ्यावी, नियमात बसते का ते वास्तुविशारदाकडून पाहावे, बसत नसेल तर अडचण व गरज मोजून तेवढीच सवलत मागावी, शेजाऱ्याशी बोलावे, लेखी निर्णयाची वाट पाहावी, नकार आल्यास ४० दिवसांत अपील करावे, आणि परवानगी हाती आल्यावरच कुदळ मारावी. प्रत्येक धर्मग्राम परिषदेने आपल्या भाविकांतील एखादा अभियंता, वास्तुविशारद वा वकील यांना वर्षातून एक-दोन वेळा मार्गदर्शनासाठी बोलवावे, अशी आमची विनंती आहे. तासाभराच्या त्या बैठकीने एखाद्या कुटुंबाचे छप्पर वाचू शकते.

येथे दिलेली माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून प्रत्यक्ष अर्जापूर्वी संबंधित कार्यालयाकडून व तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी. परमेश्वर आपल्या घरांना व आपल्या शेजाऱ्यांच्या घरांना आशीर्वाद देवो.

– संपादक